खरक सिंगच्या दारावरची थाप

डेटा प्रायव्हसी, सायबर सुरक्षा, एआयचे नियम यांवर कंपन्यांना सल्ला देणारे वकील आता बरेच दिसतात. त्यामुळे हा सगळा विषय इंटरनेटबरोबर आला असं वाटतं. तुम्ही यावर संशोधन करायचं म्हणत असाल, तर आधी थोडं मागे चला. भारतात हा प्रश्न कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी कोर्टात पोचला होता.

उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगवर १९४१ मध्ये दरोड्याचा संशय आला. पुरावा मिळाला नाही, म्हणून त्याला सोडलं. पण पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्टरीशीट उघडली. मग घरावर पाळत, त्याच्या सवयी, कमाई आणि ऊठबस यांची चौकशी, आणि रात्री-बेरात्री दारावर थाप. थोडक्यात, एका माणसाची माहिती गोळा करून ठेवायची आणि त्यावरून त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवायचं. आज आपण ज्याला ‘प्रोफाइल’ म्हणतो, ते कागदावर असंच दिसत होतं.

खरक सिंग सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरल्या. पण बहुमत असंही म्हणालं, की खासगीपणाचा हक्क घटनेत दिलेला नाही. आता बघा, घरात निवांत राहायचा हक्क मान्य, पण खासगीपणा अमान्य! ही विसंगती तेव्हाच दोघांनी दाखवून दिली होती. न्या. सुब्बा राव यांनी आपल्या आणि न्या. शहा यांच्या वतीने वेगळं मत लिहिलं: खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे.

त्याआधी १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनीही असा हक्क नाकारला होता. तो खटला झडती-जप्तीचा होता. प्रश्न मर्यादित होता, पण त्यातलं वाक्य पुढे फार लांब गेलं. १९७५ चा गोविंद खटला, १९९६ चा फोन टॅपिंगचा निकाल, यांत छोट्या पीठांनी हक्क हळूहळू मान्य केला. तरी आठ जणांचं मत छोट्या पीठाला पुसता येत नव्हतं. २०१५ मध्ये आधारच्या सुनावणीत सरकारने नेमका याच जुन्या निकालांचा आधार घेतला.

म्हणून नऊ न्यायमूर्ती बसवावे लागले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊही जणांनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. १९५४ आणि १९६२ च्या निकालांतलं विरोधी मत रद्द झालं. सुब्बा रावांचं अल्पमत ५५ वर्षांनी बरोबर ठरलं.

पुढचा क्रम बहुतेकांना माहीत असतो. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा अहवाल, २०१९ चं विधेयक, २०२२ मध्ये ते मागे घेणं, आणि ऑगस्ट २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. एआयला शिकवायला इंटरनेटवरून मजकूर उचलणाऱ्यांसाठी हे कलम किती मोलाचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

आता तुमचं काय? याच कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण अटी घालून. गोळा केलेल्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे. पहिली अट वाचताना हिस्टरीशीट आठवून बघा. तिथे नेमकं उलटं होत होतं: माहिती त्याच माणसावर वापरण्यासाठीच जमवलेली होती.

तेव्हा दोन गोष्टी धरून ठेवा. निकाल वाचताना सारांशावर थांबू नका. खटल्यातली हकीकत वाचा, आणि अल्पमत तर वाचाच. दुसरं, मुलाखती घेताना किंवा फॉर्म भरून घेताना प्रत्येक रकान्यापुढे विचारा, हे मला खरंच लागणार आहे का? नसेल तर तो रकाना काढून टाका. तुमच्या लॅपटॉपमधली यादी उद्या दुसऱ्याच्या हाती पडली, तर थाप तुमच्या दारावर पडणार नाही. ज्याने विश्वासाने उत्तरं दिली, त्याच्या दारावर पडेल.