प्राणेशा तंत्रिका
मेंदूपासून निघणाऱ्या बारा तंत्रिका-जोड्यांपैकी दहावी आणि शरीरात सर्वांत दूरवर पसरलेली जोडी. ‘व्हेगस’ हे तिचे नाव ‘भटकणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले.

ती लंबमज्जेतून (पहा : मेंदू) निघते आणि मान व छातीतून उदरापर्यंत पोहोचते. तिच्यात संवेदी तंतू अधिक असतात. म्हणजे अवयवांना आज्ञा देण्यापेक्षा ती मेंदूकडे वार्ताच जास्त नेते. स्वरयंत्राचे स्नायू ती चालवते, हृदयाची गती मंद करते, जठर व आतड्यांची हालचाल वाढवते (पहा : स्वायत्त तंत्रिका तंत्र). तिची डावी स्वरयंत्र-शाखा महारोहिणीच्या कमानीला वळसा घालून वर परतते. त्यामुळे छातीतील गाठीनेही आवाज बसू शकतो.

१९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगातून तिचा संदेश रासायनिक द्रव्यामार्फत पोहोचतो, हे दाखवले (पहा : ॲसिटिलकोलीन). औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात तिचे विद्युत् उद्दीपन करतात.