माशी शिंकली

निवृत्त माणसाने घरी बसून माशा माराव्यात, असा आपल्याकडे एक संकेत आहे. छत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून झाल्यावर मीही तो इमानेइतबारे पाळत होतो. पण एडिंबरात राहणारा माझा भाचा दिवाळीला आला तो एक लांबट नळकांडे घेऊन, आणि माशा मारण्याऐवजी पाण्यावर माशी नाचवण्याची पाळी माझ्यावर आली.

नळकांड्यात चार तुकड्यांची नऊ फुटी काठी होती, एक रीळ होते, पिवळी जाड दोरी होती आणि एका लहानशा डबीत डझनभर मेलेल्या माशा होत्या. निदान आमच्या हिला तसे वाटले. ती केरसुणी आणायला वळली तोच भाचा ओरडला, "मामी, थांबा! ते गळ आहेत!" पाहिले तर खरेच. बारीक गळावर पिसे, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून हुबेहूब किडे केलेले. या प्रकाराला म्हणतात फ्लाय फिशिंग. माशाला वाटावे खरीच माशी पाण्यावर बसली आहे, आणि त्याने येऊन ती गिळावी.

"बाजारात मासे मिळतात की," ही म्हणाली. तिचा मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी तो सोडून दिला.

मास्तर कुठलेही काम हाताने सुरू करत नाही, पुस्तकाने करतो. मी इतिहास उघडला आणि चाट पडलो. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलिअन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या एका नदीवरच्या कोळ्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. तिथले मासे एका ठरावीक माशीवर तुटून पडत. पण खरी माशी हातात धरली की तिचा रंग उतरे आणि पंख मोडत. मग कोळ्यांनी गळाला लाल लोकर गुंडाळली, तिला कोंबड्याची दोन पिसे बांधली आणि माशांना मामा बनवले. पुढे १६५३ साली इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने गळावर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यातला माशीचा सविस्तर भाग मात्र १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने लिहून दिला. एवढ्या मोठ्या माणसालाही माशीच्या बाबतीत मित्राची मदत लागली, हे वाचून मला फार बरे वाटले.

पण खरा धक्का घरच्याच अंगणात होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या मास्तरांना तो ठाऊक असतो, कारण मराठी बायका कांडताना ओवी गातात, असा जुना उल्लेख त्यात आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, काय खातो, त्याला कोणते आमिष लावावे, दोरी आणि काठी कशी असावी, हे सगळे राजेसाहेबांनी नमूद केले आहे. वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधी! आमच्या राजांना लढायांशिवाय उद्योग नव्हता असे मी छत्तीस वर्षे शिकवत आलो. त्या सगळ्या विद्यार्थ्यांची मी इथे जाहीर माफी मागतो.

आता पाणी शोधणे आले. गोंदिया जिल्ह्यात पाणी शोधायला निघणे म्हणजे पुण्यात सूचनांची पाटी शोधण्यासारखे आहे. नवेगाव बांधचा तो समुद्रासारखा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे परंपरा सांगते. काम पुरे व्हायला सातबहिणींनी हातभार लावला म्हणतात. त्या बहिणी आजही डोंगर होऊन तलावाकडे पाहत उभ्या आहेत, आणि कोलू पाटलाचा कोलासूर देव झाला. बांधकाम खात्यातून देवपदाला पोचलेला माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही. पण तिथे १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे गळ टाकणे मला कायद्याच्या दृष्टीने आणि वाघाच्या दृष्टीनेही प्रशस्त वाटेना.

म्हणून अर्जुनी मोरगाव तालुक्यातला एक मामा तलाव गाठला. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, हे नाते नव्हे. कोहळ्यांनी आणि मालगुजारांनी बांधलेले हे तलाव १९५१ साली मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी', म्हणजे 'मामा', झाले. तलावाचा ठेका धिवरांच्या मच्छीमार सोसायटीकडे होता. मी रीतसर परवानगी मागितली. काठी पाहून त्यांनी ती हसत हसत दिली. भाच्याने दिलेली काठी घेऊन एक मामा दुसऱ्या मामाच्या काठावर उभा राहिला.

साध्या गळाला शिसे बांधलेले असते. ते फेकले की दोरी मुकाट्याने मागून जाते. इथे माशीला वजनच नाही. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. फेकायची ती दोरी, माशी फक्त वऱ्हाडाबरोबर जाते. काठी घड्याळाच्या दहावरून एकवर न्यायची आणि तिथे थांबायचे. दोरी मागे हवेत पुरती उलगडली की मग पुढे झोकायचे. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे, आणि घंटेवर जगलेल्या मास्तरला नेमके तेच जमत नाही. पहिल्या दिवशी मी एक बाभूळ पकडली, दोनदा स्वतःची टोपी पकडली, आणि पलीकडे आंघोळ करणाऱ्या एका गृहस्थाचा पंचा पकडला. तो मात्र मी ताबडतोब सोडून दिला.

डोंगा काठाला लावून एक म्हातारे धिवरदादा बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"का जी गुरुजी, तलावाले काहून फटके मारून राहिले? का गुन्हा केला त्यानं?"

मी शास्त्र समजावले. त्यांनी माशी तळहातावर घेतली, उलटसुलट केली.

"हा किडा कुठचा होय?"

"स्कॉटलंडचा."

"मंग आपल्या मासोऱ्याले त्याची ओळख कशी रायल जी?"

मॅसेडोनियाचे कोळी, सोमेश्वर राजा आणि कॉटनसाहेब एकाच वेळी माझ्याकडे पाहून हसले असे मला वाटले. दोन हजार वर्षांच्या विद्येचा सारांश एवढाच होता. या पाण्यातला मासा आज काय खातो? मी तो सोडून सगळे वाचले होते.

दादांनी मग माझी शाळा घेतली. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. हे तिघे सोसायटीने बीज आणून सोडलेले. साचलेल्या तलावात ते आपणहून वाढवत नाहीत वंश. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन कार्पची पैदास करून दाखवली, तेव्हापासून बीज सोडायची सोय झाली. घरचे मासे वेगळे. मरळ, मांगूर, झिंगे आणि लहानसहान कितीतरी. त्यांना अंडी घालायला, लपायला आणि किडे टिपायला पाण्यातली झाडोरा लागते. ती मधल्या काळात गेली. गाळ साचला, काठाने बेशरम माजली. ही बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि नावाला जागणारी. वनस्पती गेल्या, तसे किडे गेले, आणि किड्यांमागोमाग मासे. तलाव मोजून घेणारे पुष्कळ झाले, पण मासा जेवतो काय, हे विचारायचे राहून गेले.

"मंग?" मीही त्यांच्याच भाषेवर आलो.

"मंग बायाइनं इचारलं जी."

या तालुक्यातल्या काही गावांतल्या धिवर स्त्रियांनी ही गोष्ट खरोखर केली आहे. तलावात उतरून बेशरम मुळासकट उपटली, गाळाची जागा नांगरून घेतली आणि दुसऱ्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून चिखलात लावल्या, भाताची रोवणी करावी तशा. हळूहळू घरचे मासे परतले, पाखरेही आली. ज्यांच्या हातात माशी बांधायची चिमटी कधी आली नाही, त्यांनी अख्खे किडेच तलावात परत आणले! सोमेश्वराच्या दरबारात या बायांना नक्की मानाचे पान मिळाले असते.

त्यानंतर आठ दिवस मी काठी घरी ठेवून नुसता काठावर बसलो. दादांनी तसा अभ्यासच घालून दिला होता. नवव्या दिवशी संध्याकाळी त्या लावलेल्या झाडोऱ्यावर बारीक करड्या किड्यांचा थवा उतरला, आणि पाण्यावर टिपटिप वर्तुळे उमटू लागली. घरच्या कोंबडीचे करडे पीस आणि हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा यांची मी बांधलेली माशी तयार होती. काठी दहावरून एकवर नेली. थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर थांबलो. दोरी सरळ गेली, माशी अलगद टेकली. त्याच क्षणी मला सणसणीत शिंक आली.

माशी शिंकली म्हणतात ती हीच. पण हात हिसकला गेला आणि दोरीला काहीतरी ओढ लागली! ओढून पाहतो तो बोटाएवढी चंदेरी मासोळी.

दादांनी ती ओल्या हाताने सोडवली, निरखून पाहिली.

"सोडा जी गुरुजी हिले. अजून शाळेत जायाची हाये."

मी सोडली. इतक्या वर्षांत शाळा सुटल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.