जवारी : आवाजाला धार लावणाऱ्या हातांचा इतिहास

(१) इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्याच्या पायाशी धातूची एक छोटी पेटी असते. तिची कळ पायाने दाबली की तारेचा स्वच्छ आवाज एकाएकी खरखरीत, दाट आणि लांबत जाणारा होतो. या पेटीला 'इफेक्ट पेडल' म्हणतात. तिचा जन्म १९६०च्या दशकातील अमेरिकेत झाला. परंतु स्वच्छ स्वराला जाणूनबुजून थोडे 'खडबडीत' करून तो अधिक समृद्ध करण्याची विद्या महाराष्ट्रातील एका गावात त्याआधी शंभर वर्षांपासून पिढीजात चालत आली होती. ते गाव मिरज आणि त्या विद्येचे नाव जवारी. या धाग्यात या दोन्हींचा इतिहास शेजारी ठेवून पाहू.

(२) आधी पेडलची कथा. मार्टी रॉबिन्स या गायकाचे 'डोन्ट वरी' हे गीत १९६१ साली प्रसिद्ध झाले. नॅशव्हिल येथे त्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ध्वनियंत्रणेतील एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटल्यासारखा उमटला. तो आवाज तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. मग ग्लेन स्नॉडी या ध्वनिअभियंत्याने तोच बिघाड हवा तेव्हा घडवून आणणारे परिपथ तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये 'माएस्ट्रो एफझेड-१' या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजले आणि या 'फझ' आवाजाला जगभर मागणी आली.

(३) या पेटीत नेमके काय घडते? तारेच्या कंपनातून निर्माण झालेल्या विद्युतलहरीला ट्रान्झिस्टर इतके वाढवितो की लहरीचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर जन्माला येतात. कानाला जाणवणारी खरखर म्हणजे या उपस्वरांची गर्दीच होय. सुरुवातीच्या पेडलमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. एकाच कारखान्यातले दोन ट्रान्झिस्टरही एकसारखे वागत नसत आणि हवेतील उष्म्याबरोबर त्यांचा आवाज बदलत असे. त्यामुळे चांगला कारागीर ते एकेक तपासून, कानाने ऐकून निवडत असे.

(४) आता मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, १८५०च्या सुमारास, पटवर्धन संस्थानिकांच्या या गावात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन हे बंधू वाद्यनिर्मितीकडे वळले, असे परंपरा सांगते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारा. इंग्रजी अंमलात संस्थानांच्या फौजा उतरणीला लागल्या, शस्त्रांची मागणी घटली आणि धार लावणाऱ्या हातांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. दरबारात येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता हे कारागीर सतार आणि तंबोरे घडवू लागले. संस्थानाच्या आश्रयाने हा व्यवसाय रुजला.

(५) मिरजेच्या तंबोऱ्यात आजूबाजूचा सारा मुलूख सामावला आहे. पंढरपूर-मंगळवेढा परिसरात पिकणारे मोठे कडू भोपळे वाळवून त्यांचा तुंबा होतो. दांडीसाठी प्रामुख्याने तुणीचे लाकूड वापरतात. भोपळा कापणे, दांडी जोडणे, खुंट्या बसविणे, नक्षी करणे ही कामे कष्टाची खरीच, पण ती डोळ्यांना दिसतात. जवारीचे काम कानाने करावे लागते आणि ते सर्वांत शेवटी येते.

(६) तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. वरून ती सपाट दिसते, प्रत्यक्षात तिला अगदी हलका उतार असतो. छेडलेली तार या उताराला प्रत्येक कंपनात ओझरता स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून उपस्वर सतत जागे होत राहतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवितात, त्याला 'जीव' म्हणतात. तो केसभर पुढेमागे झाला तरी आवाज बदलतो. योग्य जागी बसला की चार तारांतून एक अखंड, झळाळणारा गुंजारव निघू लागतो.

(७) घोडीचा हा उतार मोजपट्टीने काढता येत नाही. कारागीर कानशीने थोडे घासतो, तार चढवितो, ऐकतो, तार उतरवितो, पुन्हा घासतो. जास्त घासलेले परत भरता येत नाही. सतारीत तर वादकाच्या पसंतीनुसार 'खुली' किंवा 'बंद' जवारी ठेवली जाते. पं. रविशंकर यांच्या सतारीची जवारी खुली, तर उस्ताद विलायत खाँ यांची बंद मानली जाते. तलवारीच्या पात्याची धार बोटाने ओळखणाऱ्या घराण्याने पुढे घोडीचा उतार कानाने ओळखण्यात नाव कमवावे, हा इतिहासातील मोठा मनोज्ञ योग आहे.

(८) या कारागिरीला तितकाच चोखंदळ कानही मिरजेत लाभला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य केले. तंबोरा जुळविण्याविषयीचा त्यांचा आग्रह प्रसिद्ध होता. जवळच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे मोजमाप करीत होते, त्या कामातही खाँसाहेबांचा सहभाग होता. देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. १९३७ मध्ये खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीतसभा भरते.

(९) जवारीचे कोडे विज्ञानाच्या कक्षेत आणले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानुसार, तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू असेल, तो उपस्वर ऐकू येऊ नये. रामन यांनी तंबोरा आणि वीणा तपासल्या, तर तो 'गैरहजर' असायला हवा असलेला उपस्वर चक्क हजर! १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी याचे कारण या वाद्यांच्या वैशिष्ट्यपूर्ण घोडीत असल्याचे दाखविले. मिरजेतला कारागीर जे कानशीने साधत होता, त्याचे शास्त्र शोधण्यास तेव्हा कोठे आरंभ झाला होता.

(१०) फझ पेडल आणि जवारी यांची साधने वेगळी. एकीकडे वीज आणि ट्रान्झिस्टर, दुसरीकडे हाड किंवा लाकूड आणि सूत. परिणाम मात्र एकाच जातीचा : साध्या कंपनाला अडथळा करून त्यातून उपस्वर उमलविणे. दोघांनाही हवामान छळते. कोरड्या हवेत जुळलेला तंबोरा आषाढात भंडारदऱ्यासारख्या धुवाधार पावसाच्या मुलखात नेला, तर दमट हवेने लाकूड फुगते, तारा उतरतात आणि 'जीव' नव्याने शोधावा लागतो. जर्मेनियमच्या पेडलचा आवाजही उन्हात आणि गारठ्यात सारखा राहत नाही.

(११) पुढे या दोन कलांचे नशीब मात्र वेगळे ठरले. कारखान्यातील पेडल स्वस्त झाली, तसे पाश्चात्त्य वादक हाताने बनविलेल्या पेडलकडे पुन्हा वळले. बिल फिनेगन यांनी १९९४ मध्ये आणलेले 'क्लॉन सेंटॉर' हे त्याचे गाजलेले उदाहरण. परिपथाची नक्कल होऊ नये म्हणून त्यावर राळेचा लेप दिलेला असे. अशी सुमारे ८,००० पेडल तयार झाली आणि आज एकेक लाखो रुपयांना विकले जाते. मुंबईतही 'अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन'सारख्या छोट्या कार्यशाळेने या क्षेत्रात नाव मिळविले आहे.

(१२) मिरजेला उलट अनुभव आला. १९७९च्या सुमारास बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. पुढे तोच आवाज मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये आला. एकट्याने रियाज करणाऱ्या, लहान घरात राहणाऱ्या, सतत प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याची त्याने मोठी सोय केली, हे मान्य करावे लागेल. परंतु तंबोरा विकत घेणारा आणि वेळोवेळी जवारी लावून घेणारा ग्राहक त्यामुळे कमी झाला. गिटारच्या जगात यंत्राने हाताची किंमत वाढविली. मिरजेत यंत्राने हाताचे कामच काढून घेतले.

(१३) हा फरक का पडला? एक कारण नोंदींत सापडते. पेडल कोणी बनविले, कोणत्या साली, कोणता ट्रान्झिस्टर घालून, याची टिपणे संग्राहकांनी जपली. किराणा घराण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर गायकाचे नाव आहे. ज्या तंबोऱ्याच्या आधाराने तो गायला, त्याची जवारी कोणी लावली याची नोंद तेथे नाही. आपण घराण्यांचा इतिहास लिहिला, तो गळ्यांचा लिहिला. हातांचा इतिहास कुटुंबांच्या आठवणींत राहिला. ज्या कारागिराचे नाव ऐकणाऱ्याला ठाऊक नाही, त्याच्या कौशल्यासाठी अधिक मोल कोण देणार?

(१४) २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव आता कायद्याने सुरक्षित झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र जवारी लावण्याचे ज्ञान मानांकनाच्या कागदात उतरत नाही. ते जुन्या कारागिराच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षे ऐकूनच पुढच्या हातात जाते. पुढची पिढी तेथे बसेल की नाही, हे तिला त्या कामातून मिळणाऱ्या मिळकतीवर आणि मानावर ठरेल.

(१५) म्हणून एक छोटे काम प्रत्येक इतिहासप्रेमीला करता येईल. घरात, शाळेत किंवा गावातल्या गायनवर्गात जुना तंबोरा अथवा सतार असेल, तर तिच्यावर कारागिराच्या नावाची पट्टी आहे का ते पाहावे. असल्यास नाव, गाव आणि साल टिपून ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, जवारी कोण लावून देत असे. उत्तर देऊ शकणारी माणसे आज आहेत, तोवर हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.