आमच्या वाड्या आणि गोडें पाणी

मंदिराच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत धर्मगुरूंचीं, बांधकामाचीं व संस्थांचीं वृत्तें येतीलच. परंतु वसईच्या ख्रिस्तमंदिरांच्या पाठीशीं जी भाजीची वाडी उभी होती, तिचें वृत्त सहसा कोणी लिहीत नाहीं. तें यथामति सांगावें असें आम्हांस वाटतें.

वसई इ. स. १५३४ सालीं पोर्तुगिजांच्या हातीं गेली व १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती त्यांजकडून घेतली. राज्यें अशीं बदललीं. परंतु किनाऱ्याच्या रेताड भूमींत मुरलेल्या पावसाच्या पाण्याचा जो गोडा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, तो कोणत्याही अमलांत राहिलाच. त्याच्या बळावर येथें पानवेली, केळी व भाजीपाला पिकला. वाडींत खोदलेलें बावखल पावसाळ्यांत तुडुंब भरे, आणि त्यावर बैलाचा किंवा रेड्याचा रहाट चाले.

वर्षाचा आरंभ मृगानें होई. शेतांत भात, परसांत पडवळ, शिराळीं व काकड्यांचे मांडव. आक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेऱ्याचा सण. नव्या कणसांना धर्मगुरु आशीर्वाद देत, मगच नवा तांदूळ घरांत शिजे. भात झोडून होतें न होतें तोंच वाडीचें खरें काम सुरू होई. वाफे बांधावे, रोपें लावावीं, मुळांशीं एरंडीची पेंड किंवा मासळीची कुटी घालावी, आणि मग रोजचें शिंपणें. पहांटेच्या अंधारांत रहाटाचा करकर आवाज ऐकूनच गांव जागें होई. बैलामागें फिरणारें पोर चालतां चालतां झोंपी जाई. बैल मात्र आपला फेरा चुकवीत नसे.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया, ज्यांनीं १५९७ सालीं नागासाकी येथें क्रूसावर प्राण दिला, त्यांचा सण फेब्रुवारींत येई, तेव्हां वांगीं, वाल, मुळे, टोमॅटो यांनीं वाडी भरलेली असे. पाठोपाठ उपवासकाळ. मांस वर्ज्य व्हावें आणि त्याच वेळीं भाजी विपुल असावी, हा योग आम्हांस परमेश्वरी योजनेसारखाच वाटतो! वैशाखांत बावखल तळाशीं जाई. मग त्यांतील गाळ उपसून वाडींत पसरीत.

माल मुंबईस पूर्वीं गलबतानें जाई. १८६७ सालच्या एप्रिलांत विरारहून बॅकबेपर्यंत आगगाडी धांवूं लागली, आणि पुढें टोपल्या गाडीनें दादरच्या बाजारीं जाऊं लागल्या. येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. पुरुषांनीं पिकविलें, परंतु विकून पैसा घरीं आणला तो बहुतांशीं आमच्या आयाबहिणींनीं. डोक्यावर टोपली घेऊन रात्र सरण्यापूर्वीं घर सोडणाऱ्या त्या बायांच्या कमाईंतून मुलांच्या शाळेची फी गेली, आणि सणासुदीस मंदिराची पेटीही भरली. देणगीदारांच्या फलकांवर त्यांचीं नांवें शोधूं गेल्यास थोडींच सांपडतील.

पुढें रहाट गेले व पंप आले. श्रम वांचले, हें खरें. परंतु बैल थकत असे, आणि तो थांबला कीं विहिरीस रात्रभर पाझरून भरण्यास अवसर मिळे. पंप थकत नाहीं. गोडा थर जितका उपसावा, तितकें खालचें खारें पाणी वर चढतें. अशा रीतीनें कित्येक विहिरी मचूळ झाल्या. त्यांतच इमारती उठल्या व गांवांतील पाणी टँकरनें बाहेर जाऊं लागलें. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढारपणाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें जें आंदोलन केलें, त्याचें मूळ या मातींत व या पाण्यांत होतें. फादर २०२४ सालच्या जुलैंत देवाघरीं गेले.

दोष परक्यांवरच टाकणें न्यायाचें होणार नाहीं. बावखलें बुजविण्यास भराव ज्यांनीं येऊं दिला, व वाडीच्या विक्रीच्या कागदावर सही ज्यांनीं केली, त्यांत आमचेही हात आहेत. त्यांतल्या कित्येकांस कर्ज होतें, कित्येकांस मुलींचीं लग्नें होतीं. तें आम्ही जाणतों.

वसईच्या कांहीं गांवांत अलीकडे तरुणांनीं बुजत आलेलीं बावखलें उपसण्याचें काम हातीं घेतलें आहे. आमच्या धर्मग्रामांतील ज्यांच्या वाडींत असें एखादें बावखल उरलें असेल, त्यांनीं येत्या मृगापूर्वीं त्यांतील गाळ काढण्याचें मनावर घ्यावें. घमेलीं व माणसें आम्ही पुरवूं.