मळणीचं तूस आणि डोळ्यातलं फूल

बुबुळापुढचा काचेसारखा पडदा म्हणजे पारपटल. त्याला ओरखडा येऊन जंतू शिरले की व्रण होतो आणि बरा झाला तरी पांढरं फूल मागे राहू शकतं. हा जंतू कोणता, हे आपण ओळखायला कसे शिकलो?

१८७९ साली जर्मनीत थिओडोर लेबर यांनी एका शेतकऱ्याचा डोळा तपासला. मळणी करताना त्यात ओटचं तूस उडालं होतं. व्रणात लेबरना ॲस्परजिलस ही बुरशी सापडली. पारपटलाला बुरशी लागल्याची ही पहिली नोंद. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांची रंग देण्याची रीत आली. तिच्यामुळे जीवाणूंचे जांभळे आणि गुलाबी असे दोन गट दिसू लागले.

बुरशी पाहायला तर याहून सोपी रीत आहे. व्रणाची खरवड काचपट्टीवर घेऊन तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. आपल्या पेशी विरघळू लागतात. बुरशीची भिंत चिवट, म्हणून तिचे तंतू उठून दिसतात.

एवढा खटाटोप कशासाठी? १९९४ साली मदुराईत तीन महिन्यांत असे ४३४ रुग्ण तपासले गेले. २९७ जणांच्या खरवडीतून जंतू वाढले: १४० जणांत नुसते जीवाणू, १३९ जणांत नुसती बुरशी! जीवाणूंच्या औषधाने बुरशी मरत नाही आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी ती उलट फोफावू शकते. म्हणजे अंदाजाने औषध घालणं हा जवळजवळ छापा-काटाच, आणि पणाला लागलेला असतो डोळा.

सुगीच्या दिवसांत वर्गातल्या कुणाच्या घरी डोळ्यात तूस गेलं, तर दुकानातून थेंब आणण्याआधी ही गोष्ट आपण त्यांना सांगू या.