१२. थ्रेशोल्ड व्हॅल्यू
कच्च्या खनिजात धातूचे प्रमाण किमान किती असले म्हणजे ते टाकाऊ न समजता साठ्यात मोजायचे, ती सीमा. भारतात ती नागपूरचा इंडियन ब्युरो ऑफ माइन्स (स्थापना १९४८) ठरवतो. हेमटाइटसाठी ती पूर्वी ५५ टक्के लोह अशी होती. २००९ मध्ये ४५ टक्के झाली. एक घमेलेही न खणता कागदावरचा साठा वाढतो, तो असा. खनिजसाठ्याचे मूल्यमापक बोअरच्या नमुन्यांवरून टनभार व प्रत काढतात. पण त्यातले खणण्याजोगे किती, हे बाजारभाव, खर्च आणि परवानगी यांवरही ठरते. गोव्यात कमी प्रतीचे लोहखनिज बरेच असल्याने ही सीमा तिथे विशेष महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये गोव्यातील उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. त्या वेगाने खनिज किती वर्षे पुरेल, याचे उत्तर मूल्यमापकाने कोणती सीमा धरली यावर अवलंबून. लेखकाने हा तपशील गृहीत धरला आहे. वाचकांनी २००९ आधीचे आणि नंतरचे साठ्यांचे आकडे थेट ताडून पाहू नयेत. — संपा.