शेणवीमामांची शाळा आणि चूक ओळखणारे यंत्र

गोव्यात मांडवीच्या काठावरचे आमोणे हे गाव ज्या डिचोली महालात मोडते, तो महाल १७८१ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला आणि पेडणे १७८८ मध्ये. त्यामुळे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींना सोळाव्या शतकापासून जी धार्मिक सक्ती सोसावी लागली, ती या नव्या काबिजादींच्या वाट्याला आली नाही. येथील देवळे आणि कुटुंबरीती बव्हंशी टिकून राहिल्या, इतक्या की १८५३ मध्ये सरकारनेच या प्रदेशातील हिंदूंच्या रूढींची संहिता प्रसिद्ध केली. राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज असली, तरी गावकीचे, देवस्थानाचे आणि सावकारीचे कागद मोडी लिपीतल्या मराठीत लिहिले जात असल्याने ते लिहिणारी आणि वाचणारी माणसे प्रत्येक पिढीत तयार करणे भाग होते. हे काम सरकारी शाळांनी फारसे केले नाही. ते केले घरोघरच्या खाजगी शिकवणीने.

या शिकवणीच्या गुरूला इतरत्र पंतोजी म्हणत. गोव्यात त्याला शेणवीमामा हे नाव पडले. एखाद्या सधन घराच्या सोप्यावर किंवा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासासाठी बांधलेल्या खोल्यांत, तो मुले जमवी आणि मोबदल्यात बहुधा भात, नारळ व सणावाराचा शिधा घेई. लिहिण्यासाठी धूळपाटी असे, म्हणजे बारीक धूळ पसरलेली लाकडी फळी, जिच्यावर काडीने अक्षर गिरवावे आणि चुकले तर हाताने पुसून पुन्हा काढावे. अक्षरे बसली की मोडीचा कित्ता, आणि त्याच्या जोडीला उजळणी व पाढे, ज्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनच्या पटींची औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे असत. आजच्या वाचकाला ही घोकंपट्टी वाटेल, आणि ती होतीच. परंतु वीस कुडवांची खंडी मानून भाताचा खंड मोजणाऱ्या माणसाला अडीच खंडीचा पाऊणपट क्षणात सांगता येणे हा व्यवहाराचा प्रश्न होता.

या शाळेला इयत्ता नव्हत्या, आणि तिच्या इतिहासातील हीच सर्वांत महत्त्वाची बाब म्हटली पाहिजे. एकाच सोप्यावर एक मूल 'ग' गिरवीत असे, दुसरे औटकी म्हणत असे, तिसरे खतपत्राची नक्कल करीत असे, आणि आधीचा पाढा बिनचूक आल्याशिवाय पुढचा मिळत नसे. धाकट्यांची उजळणी थोरली मुले घेत. मद्रासच्या अनाथाश्रमाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी मद्रासकडील देशी शाळेत वाळूत अक्षरे काढणारी मुले पाहून थोरल्यांकडून धाकट्यांना शिकवण्याची योजना आखली आणि १७९७ मध्ये तिचा वृत्तांत छापला, तेव्हा ती इंग्लंडात 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. शेणवीमामाच्या शाळेचा गौरव करताना दोन गोष्टी मात्र झाकता येत नाहीत. मुली आणि कष्टकरी जातींची मुले तिच्या जवळजवळ बाहेरच होती; आणि पाढा चुकला की छडी बसे, पण तो का चुकला याची चौकशी सहसा होत नसे.

१९०८ मध्ये पणजीत मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था निघाली, पोर्तुगालमधील १९१० च्या प्रजासत्ताकानंतर हिंदूंच्या शाळांना बळ आले, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. शाळेचे दार सर्वांना उघडले ते खऱ्या अर्थाने या शेवटच्या टप्प्यात. त्याची किंमत म्हणजे वर्ग: चाळीस मुले, एक धडा, एक वेग. ही किंमत देण्याजोगी होती, यात शंका नाही, पण ती होती. तिची व्याप्ती अमेरिकी शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडली: एकेकट्याने शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के मुलांच्या पुढे जातो, तेव्हा तोच परिणाम समूहात कसा साधावा, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचे एक उत्तर आधीपासूनच यंत्रात शोधले जात होते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या १९५४ च्या शिकवणाऱ्या यंत्रात उत्तर बरोबर की चूक एवढेच कळे, तर हाइमे कार्बोनेल यांची १९७० ची 'स्कॉलर' प्रणाली दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर विद्यार्थ्याशी प्रश्नोत्तरे करी. बुद्धिमान शिकवणी प्रणाली म्हणजे जिच्यात विषयाचे ज्ञान, या विद्यार्थ्याला काय येते याचा सतत बदलणारा अंदाज आणि पुढे काय सांगावे याचे नियम, ही तिन्ही असतात अशी प्रणाली. ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीच्या चुकांचा अभ्यास करून दाखवले की ५०३ मधून २५८ वजा करून ३५५ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याचा, स्वतःच बनवलेला, चुकीचा पण सुसंगत नियम पाळत असते. शेणवीमामाच्या छडीला जे दिसले नव्हते ते हेच.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील उन्हाळी अभ्यासक्रमात अशा प्रणाली बांधायला शिकवले जाते, आणि तेथील साधनाची रीत लक्षणीय आहे: आज्ञावली न लिहिताही शिक्षकाने उदाहरण स्वतः सोडवून दाखवायचे, आणि बरोबर पायऱ्यांबरोबर मुले ज्या चुकीच्या वाटांनी जातात त्याही नोंदवून प्रत्येकीला सूचना जोडायची. भारतात आयआयटी मुंबईने शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र संशोधन कार्यक्रम २०१० मध्ये सुरू केला. गोव्यात २००२ च्या सायबरएज योजनेने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचवले. यंत्र घरात आले, परंतु मुलाची चूक ओळखणारा शिक्षक त्याबरोबर आला नाही.

चुकांची यादी तर परक्या भाषेतून उसनी घेताही येत नाही. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी उच्चारले जाते आणि लिहिताना दोन आधी येतो, म्हणून ऐकून ७२ लिहिणारे मूल वजाबाकीत नव्हे, अंकलेखनातच अडलेले असते. इंग्रजी अंकनामांवर बांधलेल्या प्रणालीला हे कळण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' अशी वाचनाची जोडरीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला, आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण पुढे करून त्या बदलाचे समर्थन केले.